हॉलंडची भिंत वाळूची आहे

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर एकच वाद पेटलाय. समुद्राकडची वाळूची टेकाडं सपाट करून होमस्टे बांधायचे आणि लाटांपासून बचावाला सरकारकडे दगडी बंधारा मागायचा. वर दाखला नेदरलँडचा! ‘तुमच्याकडे भिंती घालून समुद्र अडवलाच ना?’ असं दादाने तिकडे राहणाऱ्या मलाच विचारलं.

दादा, दक्षिणेला झीलंडकडे धरणं आहेत. १९५३ च्या पुरात १,८३६ माणसं गेली, त्यानंतर ती बांधली. पण मी राहतो त्या हेगपासून वर डेन हेल्डरपर्यंत किनारा राखते ती मुख्यतः वाळू. २०११ मध्ये केइकडाउनजवळ २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू समुद्रातून उपसून किनाऱ्यावर टाकली. ती पसरवायचं काम वारा आणि प्रवाह करतात. टेकड्यांवर हेल्म गवत लावतात. वाऱ्याने आलेली वाळू त्यात अडकते, तसतसं गवत वर वाढतं आणि टेकडीही. दोन्ही बाजूंना तार लावलेली पायवाट सोडून कुणी आत पाय टाकत नाही. मुलंसुद्धा नाही.

आपल्याकडे हेच काम मर्यादवेल फुकट करते, आणि आपण ती उपटून तिथे गाड्या लावतो!

शिवाय पाणी. ॲमस्टरडॅमला १८५३ पासून या टेकड्यांतलं पाणी जातंय. हेगमध्ये नदीचं पाणी आधी वाळूत सोडतात, ते सुमारे दोन महिने मुरतं, मग नळाला येतं. आपली विहीर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असूनही गोडी का, याचं उत्तर त्याच टेकाडांत आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. टेकाड गेलं की तो साठा आटणार. आणि दगडी बंधाऱ्यावर लाट आपटली की पायथ्याचीच वाळू ओढून नेते, बंधारा संपतो तिथे शेजाऱ्याचा किनारा खचतो. २०१९ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेतही वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षित वर्गात आहेत. ग्रुपवर ते कुणाला वाचायचं नाही.

‘तिकडे बसून सांगायला काय जातं?’ असं एकाने लिहिलं. ते मला लागलं. कारण खरंच आहे, पावसाळ्यात उधाण येतं तेव्हा मी तिथे नसतो. माडांना पाणी वहिनी घालते. होमस्टे झाला तर तिला चार पैसे मिळतील, हे मला दिसतं. इथे वॉटरस्खापचं, म्हणजे पाणी आणि पूर सांभाळणाऱ्या स्थानिक मंडळाचं, बिल आलं की मी न कुरकुरता भरतो आणि त्या दिवशी पासपोर्टापेक्षा त्या कागदाने मी इथला होतो. तिथे मात्र ग्रुपवर मी ‘हॉलंडवाला’.

तरी सातबाऱ्यावर माझं नाव आहे. होमस्टे मागे, माडांच्या पलीकडे बांधा, माझ्या वाट्याची जागा घ्या, पैसेही घालीन. पण टेकाड हलवायच्या कागदावर माझी सही मिळणार नाही.