नवा गायक, जुनी पट्टी
मूळ गायक गेला की बँड संपला, असं मत एका लेखात वाचलं, ते अजिबात पटलं नाही. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला. त्याच जुलैत ब्रायन जॉन्सन या नव्या गायकाला घेऊन त्यांचा अल्बम बाजारात आला. कोल्हापुरातल्या बँडवाल्या पोरांनो, गायक गेला म्हणून बँड मोडू नका, आधी गाण्याची पट्टी बघा. नव्या गायकाला जुन्याच पट्टीत ओढलं की दोन-तीन गाण्यांतच गळा बसतो. सगळ्या गिटारी आणि बेस अर्धा सूर उतरवा, मोकळ्या तारांवरचे रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारे गिटारचे तुकडे, तसेच वाजतात. कीबोर्डला ट्रान्सपोज (पट्टी बदलायची सोय) उणे एक. तारा सैल पडून दांडीवरच्या धातूच्या फ्रेटवर खरखरतात, म्हणून गिटारला १० ऐवजी ११ चा, म्हणजे जरा जाड तारांचा सेट लावा, मग इंटोनेशन (दांडीवर सगळीकडे सूर बरोबर लागणं) पुन्हा जुळवा. फार खाली मात्र जाऊ नका, कडव्यातले खालचे शब्द ड्रममध्ये बुडतात.