सिलिका फक्त एक टक्का, तरीही थर का बिघडतो?

नमस्कार. आपले म्हणणे थोडक्यात असे: इंजिनातल्या धातूला उष्णतेपासून वाचवणाऱ्या, 8 टक्के यिट्रिया (स्फटिकरचना स्थिर ठेवणारे ऑक्साइड) असलेल्या झिर्कोनिया या सिरॅमिकच्या प्लाझ्मा-फवारणीच्या थरात एक टक्का सिलिका चालते, कारण 1100 अंश सेल्सिअसला 100 तास भट्टीत ठेवलेल्या नमुन्याचा थर धातूपासून सुटला नाही. उलट मऊ झालेली सिलिका ताण सैल करते.

ताण सैल होतो, हे बरोबर. घोटाळा पुढे आहे. चालू इंजिनात थराचा पृष्ठभाग तापतो आणि मागचा धातू थंड ठेवलेला असतो, म्हणून पृष्ठभागाला प्रसरण पावायला पुरता वाव मिळत नाही, तो दाबाखाली येतो. कणसीमांवर (स्फटिककण एकमेकांना भिडतात तिथे) सिलिकेची काच असते, तिच्यामुळे क्रीप, म्हणजे ताणाखाली हळूहळू होणारी कायमची विकृती, वाढतो आणि दाब ओसरतो. इंजिन बंद झाले की तोच पृष्ठभाग सर्वांत जास्त आकसतो आणि आता ओढला जातो. उभ्या भेगा तिथून सुरू होतात. आपला नमुना सगळीकडून सारखा तापला, त्यामुळे हा प्रकार त्यात दिसणारच नव्हता.

शिवाय तो एक टक्का वजनाचा आहे. काचेची घनता 2.2, झिर्कोनियाची 6 च्या आसपास, म्हणजे आकारमानाने सुमारे 2.7 टक्के. आणि ही काच थरभर विखुरत नाही, कणसीमांवर व तीन कण भेटतात त्या कोपऱ्यांत साचते. तिथे सिंटरिंगला (उष्णतेने कण एकमेकांना चिकटून थर घट्ट होण्याला) वेग येतो आणि फवारलेल्या थेंबांच्या चपट्या पापुद्र्यांमधल्या बारीक फटी सांधतात. (या फटींना दोष समजू नका, थराची लवचिकता आणि उष्णतारोध त्यांच्याच जिवावर.) काचेत यिट्रियाही विरघळते. यिट्रिया घटलेला भाग थंड होताना मोनोक्लिनिक या दुसऱ्या स्फटिकरूपात जातो, 3 ते 5 टक्के फुगतो.

प्रमाणपत्रावरच्या ‘99 टक्के शुद्ध’वर विसंबू नका. झिर्कोनियात खनिजातूनच आलेले दीड-दोन टक्के हाफ्निया (हाफ्नियमचे ऑक्साइड) असते. ते निरुपद्रवी, आणि बहुधा झिर्कोनियातच मोजलेले. सिलिकेचा आकडा वेगळा मागा. 1200 अंशांच्या पुढे काम असेल तर 0.1 टक्क्याच्या वरची पावडर मी घेणार नाही.

खात्री करायची तर दोन पावडरींचे सारख्याच सच्छिद्रतेचे थर साध्या पोलादावर फवारा, पोलाद हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून थर सुटे करा आणि 1200 अंशांवर डायलॅटोमीटरमध्ये (तापवताना लांबीतला बदल मोजणाऱ्या यंत्रात) सिंटरिंगमुळे होणारे आकुंचन मोजा. सच्छिद्रता वेगळी निघाली तर तुलना फुकट. स्फटिकरूप ओळखणारी एक्स-रे डिफ्रॅक्शन चाचणी तापवण्याआधीही घ्या, कारण न वितळलेल्या कणांमुळे थोडे मोनोक्लिनिक मुळातच असू शकते. तांब्याचे लक्ष्य असलेली एक्स-रे नळी वापरली तर मोनोक्लिनिकची शिखरे 28.2 आणि 31.4 अंशांच्या कोनांपाशी (2θ) दिसतात. नमुने शुद्ध अल्युमिनाच्या प्लेटवर ठेवा, सिलिकायुक्त विटेवर नाही, नाहीतर स्वच्छ थरातही बाहेरून सिलिका शिरेल.