निकालात मुली पुढे, म्हणून रडगाणं पुरे?

'फुले' हा हिंदी सिनेमा २५ एप्रिल २०२५ ला लागला, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मुलींच्या शिक्षणाच्या गोष्टीत उगाच जात घुसडली, ही सगळी पुण्याची कहाणी, आपल्या विदर्भात असलं काही नव्हतं, आणि आता निकालात मुलीच पुढे, तेव्हा रडगाणं पुरे.

आधी जात. सेन्सॉर बोर्डाने या सिनेमातले 'महार', 'मांग' हे शब्द काढायला सांगितले होते. फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला, त्याचं शीर्षकच 'मांग महाराच्या दुःखाविषयी'. जात सिनेमावाल्यांनी कुठून आणली नाही, शाळेतल्या पोरीनेच लिहून ठेवलीय.

आता 'आपल्याकडे नव्हतं'. हे वाचून मात्र मी चिडले. जाईबाई चौधरी हे नाव किती नागपूरकरांना ठाऊक आहे? नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहून पोट भरणारी ही बाई. मिस ग्रेगरी या मिशनरी बाईंनी तिला शिक्षिकेचं काम दिलं, तर अस्पृश्य बाई शिकवते म्हणून लोकांनी शाळेवर बहिष्कार घातला. काम गेलं, ओझी परत डोक्यावर आली. त्याच जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळा कन्याशाळा काढली. पुढे १९३७ मध्ये इथेच अखिल भारतीय महिला परिषद भरली, तेव्हा जेवणाला त्यांचं पान वेगळं मांडलं गेलं. मांडणाऱ्या शिकल्यासवरल्या बायका होत्या बरं का. आणि जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद याच शहरात झाली. घटस्फोटाचा हक्क मागणारे ठराव तिथे झाले. पुण्याची कहाणी म्हणे!

राहिला निकाल. आकडा खरा आहे. २०२५ च्या दहावीत राज्यात मुली ९६.१४ टक्के, मुलगे ९२.३१. पण हा आकडा परीक्षेला बसलेल्यांचा. ज्या बसल्याच नाहीत त्या यात येणार कुठून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. साधारण पाचातली एक.

'फी पण माफ केली ना', ही मेसेजची शेवटची ओळ. केली, २०२४ मध्ये, व्यावसायिक अभ्यासक्रमांना, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींसाठी. चांगलंच केलं. माझ्याकडे गणिताला येणारी कामठीची एक पोरगी त्यात बसत होती. हिंगणा रोडच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला. कामठीहून शेअर ऑटोने ऑटोमोटिव्ह चौक, तिथून मेट्रोने सीताबर्डी, गाडी बदलून लोकमान्य नगर. प्रॅक्टिकल संपून घरी यायला रात्रीचे आठ. बाप म्हणाला, "मॅडम, पोरगं असतं तर धाडलं असतं, पोरीले रातच्याला ऑटोत कसं बसवू?" पोरगं होतंच घरात, तिच्याहून एक वर्ष मोठं. तो याच रस्त्याने, याच मेट्रोने जातो, त्याची फी भरून. ती कामठीतच बी.ए.ला आहे.