होय, आम्ही स्कीइंग शिकायला चाललोय

आज उदगीरला एका साखरपुड्याला गेले होते. पंगतीत बसलो होतो, तेवढ्यात नात्यातले एक गृहस्थ चार माणसं ऐकतील एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "काय वहिनी, अतिवृष्टीचं अनुदान आलं वाटतं! बर्फात चाललाव म्हणं!" सगळे हसले. मी लेकीला घेऊन स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या लावून बर्फाच्या उतारावरून घसरायचा खेळ, शिकायला चाललेय, त्यावर हा टोमणा. दुसऱ्याचं कार्य म्हणून मी गप्प राहिले. घरी आले, साडी बदलली आणि लिहायला बसले, कारण ते बोलणं काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

अनुदान यायचं असलं तर माझ्या भावाला. सप्टेंबरात त्याचं औशाजवळचं सोयाबीन पाण्यात गेलं. काढणीला आलेलं पीक, शेंगांना झाडावरच मोड आले. बांध फुटला, वरची काळी माती खरवडून निघून गेली, खाली नुसता मुरूम उरला. आज विनोद करणारे त्या बांधावर आले नव्हते. फोनसुद्धा नाही. सहलीचे पैसे माझ्या पगारातले आणि भिशीतले आहेत. बघा, हे सांगायची माझी मुळीच इच्छा नव्हती, तरी आपल्याला हिशोब द्यायला लावतातच. पुण्याची माणसं मनालीला निघाली की त्यांना कुणी विचारतं का, खडकवासल्यात पाणी किती आहे म्हणून?

अशा वर्षी मिरवू नये, हे मला कळतं. मिरवत नाही. जातेय.

हे सगळं सुरू कुठं झालं ते सांगते. लेक पाचवीत असताना एका पॅकेज टूरनं मनालीला गेलो होतो. त्यांनी जवळच्या सोलंगला, बर्फाच्या उतारांवर नेलं. वर जाताना रस्त्याच्या कडेला नंबर टाकलेली दुकानं असतात, तिथं कोट आणि गमबूट भाड्यानं मिळतात. आमच्या वाट्याला आलेल्या कोटाचं अस्तर आधीच्या माणसाच्या घामानं ओलं होतं, पाठीवर पांढऱ्या रंगात दुकानाचा नंबर. वर एका माणसानं लेकीच्या पायात स्की अडकवल्या, तिचे दोन्ही हात धरले, स्वतः उलटा चालत तिला उतारावरून जरासं खाली आणलं, फोटो काढला, पैसे घेतले. झालं स्कीइंग! खाली येताना तिनं त्याला विचारलं, "भैया, रुकते कैसे हैं?" तो म्हणाला, "रुकने की ज़रूरत नहीं बेटा, मैंने पकड़ा है ना."

शेजारीच तिथली एक पोरगी होती, माझ्या लेकीहून लहान. हातात काठ्या नाहीत. स्की उताराला आडव्या ठेवून एकेक पाय वर टाकत ती चढायची, वळायची आणि सुसाट खाली यायची. तळाला आली की स्कीची टोकं आत, टाचा बाहेर, आणि बरोब्बर जागेवर थांबायची. पुन्हा वर. माझी लेक तिच्याकडं बघत उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता, तरी जागची हलेना.

मध्यंतरी शहरातल्या एका ट्रॅव्हलवाल्याकडं चौकशीला गेले. म्हटलं, आम्हाला बर्फ बघायला जायचं नाही, स्कीइंग शिकायचंय, आठवडाभर एकाच जागी राहायचंय. त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मॅडम, ते कशाला? गोंडोलात, म्हणजे रोपवेत बसा, बर्फात खेळा, काश्मिरी ड्रेसवर फोटो काढा. आपल्याकडचे लोक तेवढंच करतात." आपल्याकडचे लोक! म्हणजे आपल्याकडच्या माणसानं फोटोपुरतंच जायचं, हेही यांनीच ठरवून टाकलेलं. पैसे आमचे, सुट्टी आमची, आणि काय झेपेल ते सांगणार हे. म्हातारी माणसं सोबत असली की पॅकेज सोयीचं पडतं, तेवढं मान्य.

मग मीच वही घेऊन बसले. आधी डोक्यात उत्तराखंडातलं औली होतं. पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली, घरांना तडे गेले आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद पडला. म्हणून काश्मिरातलं गुलमर्ग. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था तिथंच आहे, अगदी पहिल्यांदा बर्फ बघणाऱ्यांसाठीही तिचे काही दिवसांचे कोर्स असतात. गाव सुमारे २६५० मीटरवर. नवशिक्यांना गावाजवळच्या बेताच्या उतारांवरच शिकवतात. गोंडोला दोन टप्प्यांत अफरवटच्या अंगाला चार हजार मीटरच्या जवळपास नेते, तो डोंगर मुरलेल्यांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथं वरच्या बाजूला हिमकडा कोसळून एक रशियन स्कीअर गेला. आम्ही वर स्की घेऊन जाणार नाही, हे घरात ठरलंय. उगाच काळजीचे मेसेज नकोत.

बर्फ पडेलच याची खात्री नाही, हेही माहीत आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात गुलमर्ग उघडंबोडकं होतं, सगळीकडं वाळलेलं गवत. २०२५ मध्ये फेब्रुवारीतल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढं ढकलल्या, मार्चमध्ये झाल्या. पश्चिमेकडून येणारी पावसा-बर्फाची वादळं, ज्यांना विक्षोभ म्हणतात, ती आली तर बर्फ, नाही तर नाही. तिथं २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, म्हणजे ऐन थंडीचा काळ. त्या दिवसांत काश्मिरी माणूस जसा आभाळाकडं बघतो, तसेच आपण मिरगात बघतो. घोडेवाले, स्लेजवाले, शिकवणारी पोरं, सगळ्यांचा हंगाम त्या दिवसांतल्या बर्फावर. हे वाचलं आणि का कोण जाणे, ती माणसं एकदम ओळखीची वाटायला लागली. बर्फाचा असा भरवसा नाही म्हणून तारीख फेब्रुवारीच्या मध्यावर धरलीय, आणि आगाऊ पैसे परत न देणाऱ्या हॉटेलांवर फुली मारलीय.

जायचं रेल्वेनंच. लातूरहून परभणी, परभणीहून सचखंड एक्स्प्रेस. सचखंडमध्ये वाटेतल्या स्टेशनांवर लंगर मिळतो, त्या डाळीची चव ज्यानं घेतलीय त्याला विचारा. पंजाबात उतरून कटरा, आणि कटऱ्याहून जून २०२५ पासून सुरू झालेली श्रीनगरची वंदे भारत. वाटेतला चिनाबचा पूल नदीपासून ३५९ मीटर उंच आहे, खिडकीची जागा लेकीनं आत्ताच मागून ठेवलीय. श्रीनगरहून पुढं पन्नासेक किलोमीटर. वाटेतल्या तनमर्गच्या वर बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच जातात.

पहलगामचं म्हणाल तर २२ एप्रिल २०२५ ला जो दहशतवादी हल्ला झाला त्यात आपल्या महाराष्ट्राची माणसं गेली. भीती मलाही वाटते, आईला तर फारच.

शाळा बुडणार, हो. आठवीतली आहे, अभ्यास भरून काढेल.

पण त्या सोलंगच्या माणसाचं "मैंने पकड़ा है ना" माझ्या मनातून जात नाही. लेकीनं नंतर मोबाइलवर बघून शोधून काढलं की या खेळात सगळ्यात आधी शिकवतात ते थांबणं आणि पडून उठणं. टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे वाकलेले, म्हणजे स्कीची आतली धार बर्फाला धरते आणि वेग मरतो. तेव्हापासून ही पोरगी पायमोजे घालून आमच्या बैठकीच्या शहाबादी फरशीवर पाय फाकवून घसरतेय. भिंतीला धडकतेय, उठतेय, पुन्हा. एवढं साधं उत्तर होतं हो. त्या माणसाला दोन मिनिटं लागली असती सांगायला. पण मागं रांग होती आणि पुढचं गिऱ्हाईक तयार होतं.

मराठवाड्याच्या माणसाशी सगळीकडं हेच होतं. तुम्हाला कळायची गरज नाही, आम्ही धरलंय.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा माझी लेक कडेवर होती. तेव्हापासून लातूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं रिकाम्या घागरी. त्याच वर्षी, पुढच्याच महिन्यात, औरंगाबादच्या ग्रामीण पोलिसातला एक शिपाई, रफिक शेख, एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला. घागरी सगळ्यांना आठवतात, रफिक किती जणांना आठवतो? कर्नाटकातल्या कोडगूची भवानी, कॉफीच्या मळ्यांच्या मुलखातली पोरगी, क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये देशाकडून उतरते. कोडगूत कुठं बर्फ पडतो? गुलमर्गजवळचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला गेला, भारताचा एकटा खेळाडू. माझी लेक ऑलिंपिकला जावी असं मी म्हणत नाही. तिला उतारावर स्वतःहून थांबता यावं, एवढंच म्हणतेय.

मघाशी फार चिडून लिहीत होते, आता जरा शांत झालेय. भावाला आत्ता फोन केला होता. साखरपुड्यातलं बोलणं त्याच्या कानावर आधीच गेलेलं. मला वाटलं त्याला लागलं असेल. तो म्हणाला, "अक्का, माझ्या रानाचं नाव घेऊन तू घरात बसू नको. पोरीला घेऊन जा." आणि लगेच हरभऱ्याचं सांगायला लागला, घाटे चांगले धरलेत म्हणून. ज्याचं गेलं तो असं बोलतो, आणि ज्यांचं काहीच गेलं नाही ते पंगतीत अनुदान मोजतात.

असो. आता कामाचं. गुलमर्गला कोर्स केलेलं आपल्या भागातलं कुणी असेल तर इनबॉक्समध्ये या. बूट, स्की आणि काठ्या तिथंच भाड्यानं घ्याव्यात असं दिसतंय, पण कपड्यांचं विचारायचंय. जीन्स भिजते आणि मग गारठते, म्हणून वॉटरप्रूफ पँट लागते. लोकरीचे हातमोजे ओले होतात, ते चालत नाहीत. गॉगल नसला तर बर्फावरच्या उन्हानं डोळे पोळतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या मापाची पँट, हातमोजे आणि गॉगल कुणाच्या घरी पडून असेल तर द्या, धुऊन परत करीन. स्कीचा बूट नडगीवर फार दाबतो म्हणतात, तर आत एक मोजा घालायचा की दोन, तेही सांगा.