नदीपर्यंत जे पोचत नाही, त्याचाही हिशोब

अमेरिकेत नद्यांच्या संरक्षणाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, पण सार तेच: "वर्षातले दहा महिने कोरडी पडलेली घळ म्हणजे पाणी नव्हे. इवल्याशा ओढ्याने मोठ्या नदीला काही फरक पडत नाही. नदीशी काडीचाही संबंध नसलेल्या डबक्याला संरक्षण म्हणजे शेतकऱ्याच्या जमिनीवर सरकारचा डोळा. हे सगळे 'संबंध' शास्त्रज्ञांनी सरकारच्या सांगण्यावरून शोधून काढले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते खोटे ठरवले."

शेवटचं विधान आधी घेतो, कारण बाकीची त्याच्या जोरावर उभी आहेत.

"न्यायालयाने हे विज्ञान खोटं ठरवलं."

नाही ठरवलं. निकाल उघडून वाचला तरी पुरे. २०२३चा तो निकाल सॅकेट खटल्याचा, आणि खटला आयडाहोमधल्या प्रीस्ट लेकजवळच्या एका प्लॉटचा होता. तिथे १९७२चा स्वच्छ पाणी कायदा लागू होत नाही, यावर नऊही न्यायाधीशांचं एकमत झालं. का लागू होत नाही, यावर मात्र पाच विरुद्ध चार अशी फूट पडली. बहुमताचा निकष असा की पाणथळ जागा बऱ्यापैकी कायमस्वरूपी पाण्याला पृष्ठभागावरून सलग जोडलेली हवी. बहुमताचा निकाल लिहिणारे न्या. अलिटो त्यातच सांगतात की कायद्याने पर्यावरण संरक्षण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं, अधिकारक्षेत्र पर्यावरणीय महत्त्वावरून आखलेलं नाही. कायद्यातल्या 'पाणी' या शब्दाची व्याप्ती किती, एवढाच प्रश्न तिथे सुटला. पाणी कुठून कुठे जातं, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. आणि न्या. कॅव्हनॉ, ज्यांना कुणी पर्यावरणवादी म्हणणार नाही, त्यांनीच वेगळं मत नोंदवून हा निकष फार तोकडा असल्याचं सांगितलं. बांधाने नदीपासून वेगळ्या पडलेल्या पाणथळ जागा यातून बाहेर पडतील, हे दाखवायला त्यांनी मिसिसिपीचं उदाहरण दिलं.

"सरकारने सांगितलं म्हणून शास्त्रज्ञांनी संबंध शोधले."

तारखा बघा. नॉर्थ कॅरोलायनातली कोवीटा प्रयोगशाळा १९३४ पासून डोंगरातले ओढे मोजते आहे. ॲरिझोनातलं वॉलनट गल्चचं प्रायोगिक पाणलोट १९५३चं. दोन्ही कायद्याच्या कितीतरी आधीची. ईपीएने २०१५ मध्ये जो अहवाल काढला, तो तपासून प्रसिद्ध झालेल्या १,२०० हून अधिक शोधनिबंधांचा आढावा होता, आणि त्याच्या मसुद्यावर बाहेरच्या शास्त्रज्ञांच्या सल्लागार मंडळाने टीकाही केली. टीका कोणती? की अलग पडलेल्या पाणथळ जागांबद्दल मसुदा नको तितका बिचकतो आहे, उपलब्ध पुराव्यावर याहून ठाम बोलता येतं. सांगकाम्या शास्त्रज्ञांकडून मालकाला असं ऐकून घ्यावं लागत नाही.

"कोरडी घळ म्हणजे पाणी नव्हे."

हे विधान डोळ्यांना पटतं, म्हणून जास्त फसवतं. ॲरिझोनात ओढ्या-नद्यांच्या एकूण लांबीपैकी सुमारे ९४ टक्के लांबी हंगामी किंवा फक्त पावसापुरती वाहणारी आहे. कोरडं ते पाणी नव्हे असं धरलं, तर त्या राज्याच्या नकाशावर जवळजवळ काहीच उरत नाही.

वॉलनट गल्चमध्ये काय होतं बघा. टूमस्टोन गावाच्या आसपासचं हे सुमारे १५० चौरस किलोमीटरचं पाणलोट. एरवी तिथे नुसती तापलेली वाळू. उन्हाळी वादळ आलं की काटक्या, पालापाचोळा आणि मातकट फेस पुढे ढकलत पाण्याचा लोंढा येतो आणि काही तासांत ओसरतो. ठिकठिकाणी बांधलेल्या मोजणीच्या खाचांमधून त्याचं माप घेतलं जातं, आणि वाटेत नवी भर पडली नाही तर खालच्या खाचेत वरच्यापेक्षा कमी पाणी भरतं. मधलं पाणी वाळूने पिऊन टाकलेलं असतं. त्यातला काही भाग खोल मुरून भूजलाला मिळतो, आणि पुढची सॅन पेद्रो नदी पाऊस नसताना वाहते ती भूजलावरच. घळ कोरडी दिसते, कारण तिचं काम उरकलेलं असतं.

वाळवंटाचं उदाहरण सोयीचं म्हणून काढलं, असं कुणी म्हणेल. तर सॅकेट निकालानंतर वर्षभराने, जून २०२४ मध्ये, 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेतल्या नदीखोऱ्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात, फक्त पावसापुरते वाहणारे ओहोळ किती पाणी घालतात याचा तो हिशोब होता. उत्तर आलं सरासरी ५५ टक्के. हे ओहोळ प्रदेशानुसार वर्षातून साधारण ४ ते ४६ दिवसच वाहतात. मोठा पाऊस पडतो तेव्हाच नदीत जास्तीत जास्त पाणी येतं, आणि ते यांच्याच वाटेने येतं. बाकीचे दिवस ते कोरडे असतात यात नवल काय?

"इवल्याशा ओढ्याने काय फरक पडतो?"

एकट्याने फारसा नाही, हे कबूल. पण उगमाकडचे ओढे एकटे नसतात, झाडाच्या बारीक मुळ्यांसारखे ते असंख्य असतात. ईशान्य अमेरिकेतल्या नद्यांवरच्या २००७च्या अभ्यासात, मोठ्या नद्यांतलं सुमारे ५५ टक्के पाणी आणि ४० टक्के नायट्रोजन सर्वांत वरच्या, एकही उपओढा नसलेल्या ओढ्यांपासून आल्याचं दिसलं. उंबरठ्यावर जी घाण टाकाल ती घरभर होते, त्यातलाच हा प्रकार.

इथे मला कोवीटातला एक प्रयोग फार आवडतो. १९९० च्या दशकात तिथल्या संशोधकांनी जंगलातल्या एका छोट्या ओढ्यावर चक्क जाळीचा मांडव घातला, कडेने वाऱ्याने घरंगळत येणारी पानंही अडवली, आणि तीन वर्षं ओढ्यात पाचोळा पडू दिला नाही. पाणी तेच, सावली जवळपास तीच, फक्त पानं बंद. पानं कुरतडणारे किडे घटले, आणि त्यांना खाणारे शिकारी किडेही घटले. अपवाद खडकावरच्या शेवाळात राहणाऱ्यांचा, त्यांचं फारसं बिघडलं नाही. (असा अपवाद लपवला नाही की प्रयोगावरचा माझा विश्वास वाढतो.) हे किडे आणि त्यांनी कुरतडलेल्या पानांचा चुरा प्रवाहाबरोबर खाली जातो, तिथे माशांचं पोट त्यावर भरतं. आग्नेय अलास्कात २००२ साली याचंच माप काढलं गेलं. ज्या ओढ्यांत एकही मासा नाही, ते खालच्या दर किलोमीटरला सामनच्या कुळातली शंभर ते दोन हजार पिल्लं पोसतील इतकं अन्न पाठवत होते.

"शेतातल्या प्रत्येक डबक्याला परवाना लागेल."

हे थोडक्यात आटोपतं. नेहमीची नांगरट, पेरणी, कापणी यांना कायद्याच्या १९७७च्या दुरुस्तीपासून परवान्यातून सूट आहे. आणि कुठलं पाणी कायद्याखाली येतं हे सांगणारा २०१५चा जो नियम या भीतीचं मूळ मानला जातो, त्यातल्या वगळलेल्या गोष्टींच्या यादीत 'डबकी' हा शब्द स्वतंत्रपणे लिहिलेला होता. परवान्याची प्रक्रिया रेंगाळते, खर्चिक असते, ही तक्रार मात्र खरी आहे. ती प्रक्रिया सुधारा, याला कोण नाही म्हणेल? पण कार्यालयात फाईल अडते म्हणून जमिनीखालचं पाणी वाहायचं थांबत नाही.

"नदीशी संबंधच नाही, मग राखायचं कशाला?"

सगळ्या मजकुरात विचार करण्याजोगं विधान हेच. भोवताली सगळीकडून उंच कोरडी जमीन असलेल्या पाणथळ जागेला शास्त्रज्ञ 'भौगोलिकदृष्ट्या अलग' म्हणतात. हे वर्णन नुसतं जागेचं आहे. पाणी जमिनीखालून झिरपतं, आणि भरपूर पावसात एक खळगा भरून दुसऱ्यात सांडतो. कुठल्या जागेचा नदीशी संबंध किती घट्ट, हे जागेगणिक बदलतं. 'आहे' किंवा 'नाही' असे दोन खण करू नका, चढत्या-उतरत्या श्रेणीने बघा, असं त्या सल्लागार मंडळानेही सांगितलं होतं.

पण माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. समजा पृष्ठभागावरून एक थेंबही नदीला जात नाही. तरी हिशोब संपत नाही, कारण नदीचं भलं जे येतं त्यावर जितकं, तितकंच जे येत नाही त्यावर ठरतं. तळ्यात थांबलेलं पाणी त्या दिवशीच्या पुरात नसतं. तिथे खाली बसलेला गाळ नदीच्या पात्रात नसतो. आणि खताबरोबर आलेला नायट्रेट तळाच्या चिखलात, जिथे प्राणवायू नसतो तिथे, जिवाणू वापरून टाकतात आणि त्याचा साधा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. वेगळं असणं, पाणी अडवून धरणं, हेच या जागांचं काम आहे. तिजोरी रस्त्याला जोडलेली नाही म्हणून निरुपयोगी, असं आपण म्हणत नाही.

ही जागा नसली की काय होतं, ते आयोवात दिसतं. १७८० ते १९८० या दोन शतकांत त्या राज्याने आपल्या सुमारे ८९ टक्के पाणथळ जागा गमावल्या. शेतांखाली निचऱ्याचे पाइप टाकले, आणि पूर्वी खळग्यात थांबणारं पाणी सरळ ओढ्यात जाऊ लागलं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजनची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. नदीचं पाणी तिच्या आत ठेवायला डेमॉइन शहराच्या पाणीपुरवठा विभागाला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नायट्रेट काढायचं खास यंत्र बसवावं लागलं आहे. जे काम चिखल फुकट करत होता, त्याचं बिल आता नळाच्या पाण्यावर लागतं.

शेवटी एक डबकं जवळून. साउथ कॅरोलायनातला एलेंटन बे हा दहा हेक्टरचा, अलग पडलेला गोड्या पाण्याचा खळगा. लांबलेल्या दुष्काळानंतर तो पुन्हा भरला, तेव्हा संशोधकांनी त्याच्याभोवती सलग कुंपण घातलं आणि ये-जा करणारे बेडूक नि सॅलॅमँडर वर्षभर मोजले. एकूण २४ जाती निघाल्या. एका विणीच्या हंगामात ३,६०,००० हून अधिक पिल्लं त्या पाण्यातून बाहेर पडली, वजन १,४०० किलोच्या वर, आणि ती भोवतालच्या जंगलात पांगली. दुष्काळाच्या काळात तिथे पाहणीला कुणी गेलं असतं, तर त्याने वहीत लिहिलं असतं: जागा कोरडी, नदीशी संबंध नाही.