रिसेप्टर ‘बंद’ करणारा काढा आणि मावशीचा सुजलेला हात

‘कोविशिल्डमुळे शरीरातला कार नावाचा रिसेप्टर नष्ट होतो, लसीका तुंबते, हातपाय सुजतात. परदेशी संशोधनात सिद्ध. आमचा काढा 21 दिवस घ्या, रिसेप्टर बंद, विषाणूंचं दार बंद.’

हा मेसेज पंचवटीतल्या माझ्या मावशीपर्यंत पोचला. (लसीका म्हणजे पेशींभोवती साचणारं आणि वाहिन्यांतून परत रक्तात जाणारं पाणी.) स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये तिच्या काखेतल्या लसीकेच्या गाठी काढल्या, तेव्हापासून त्या बाजूचा हात सुजतो. मेसेज वाचून तिनं डॉक्टरांनी दिलेली घट्ट बाही काढून ठेवली आणि काढा सुरू केला.

अहो, रिसेप्टर गेला म्हणून सूज आली म्हणता, आणि उपाय काय, तर उरलेला रिसेप्टर बंद करा? एवढं तरी पाठवण्याआधी वाचायचं!

कार (CAR) हे शेजारच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रथिन आहे. कॉक्सॅकी आणि अ‍ॅडिनो विषाणू त्यालाच पकडून पेशीत शिरतात, म्हणून त्याला रिसेप्टर म्हणतात. लसीकेशी त्याचा संबंध दाखवणारं संशोधन खरंच आहे, 2012 साली ‘प्लॉस वन’ या विज्ञान-नियतकालिकात आलेलं. पण ते उंदरांच्या गर्भांवरचं. साडेबाराव्या दिवसापासून कारचं जनुक काढलं, तर लसीकावाहिन्या फुगल्या, पेशींच्या सांध्यांत भोकं पडली, लसीकेत रक्तपेशी शिरल्या, अंगावर सूज आली आणि गर्भ दगावले. तेच जनुक साडेतेराव्या दिवसापासून काढलं, तर यातलं काही झालं नाही. फक्त एक दिवस उशीर! वाहिन्यांची जडणघडण चालू असतानाची ती गोष्ट. साठी ओलांडलेल्या बाईच्या हाताला ती कशी लावता?

कोविशिल्डमधला चिंपांझीचा अ‍ॅडिनोविषाणू कारला चिकटतो, हे खरं. लशीनंतर काखेतल्या गाठी काही दिवस सुजू शकतात, हेही मान्य. पण चिकटल्यानं जनुक जात नाही, आणि लशीतला विषाणू शरीरात वाढूही शकत नाही.

मेसेजमध्ये पुढे हत्तीरोगाचं खापरही लशीवर फोडलंय. तो डासांतून येणाऱ्या जंतांमुळे होतो, लशी नव्हत्या तेव्हाही होत होता.

मावशीचा हात सुजतो, कारण काखेतल्या गाठी काढल्यानं लसीकेची वाट तुटली. तुमच्या घरात कुणाचा हात असा असेल तर बाही, व्यायाम, त्वचेची काळजी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू देऊ नका. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.