कॅमेरॉनबाईंची धूसरता अज्ञानातून आलेली नव्हती

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या व्हिक्टोरियन काळातील छायाचित्रकाराविषयी एक मजकूर सतत फिरत असतो. या सधन बाईंना वयाच्या ४८व्या वर्षी कॅमेरा भेट मिळाला, फोकस साधता येत नसल्याने त्यांची व्यक्तिचित्रे धूसर आली आणि पुढे हौसेलाच कला म्हटले गेले, असे त्यात सांगितलेले असते. यातील वय आणि लेकीजावयाने १८६३च्या डिसेंबरात दिलेली भेट एवढेच खरे आहे.

धूसरतेच्या आरोपाला आधार म्हणून त्यांचेच शब्द पुढे केले जातात, कारण १८७४ साली लिहिलेल्या आठवणींत त्यांनी सुरुवातीचे यश योगायोगाचे होते असे मान्य केले आहे. मात्र त्याच ठिकाणी त्या सांगतात की, भिंग फिरवताना जिथे चेहरा सुंदर दिसला तिथे त्या थांबल्या आणि इतर छायाचित्रकार आग्रह धरत तेवढ्या काटेकोर फोकसपर्यंत गेल्या नाहीत. अपघाताने गवसलेली गोष्ट ओळखून ती जाणीवपूर्वक पुन्हा करणे, यालाच मी निवड म्हणतो. योग्य फोकस कोणता हे ठरवण्याचा अधिकार कोणाला, असा थेट प्रश्न त्यांनी १८६४च्या अखेरीस खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना पत्रातून विचारला होता.

दोष भिंगाचाच होता, असेही काही जण म्हणतात. प्रतिमा टिपणारी मोठी काच, जवळून घेतलेला चेहरा आणि काचेवर काही मिनिटे प्रकाश पडू देण्याची गरज (एक्स्पोजर) यांमुळे सगळे काही रेखीव येणे अवघड होते, हे मान्यच आहे. परंतु १८६६ मध्ये १५ बाय १२ इंची काचांचा नवा कॅमेरा आल्यावरही त्यांनी ती मृदुता सोडली नाही. उलट चेहरे अधिक मोठे आणि अधिक जवळचे केले. १८६७ सालचे हर्शेल यांचे व्यक्तिचित्र पाहावे: काळोखातून वर आलेला तो वृद्ध चेहरा आणि विस्कटलेले पांढरे केस पाहिल्यावर कोणी अज्ञानाची भाषा करील, असे मला वाटत नाही.

काचेवरचे ओरखडे आणि डाग यांची टीका मात्र निराधार नाही. ओल्या कलोडियनच्या, म्हणजे काचेला चिकट रसायन लावून ती ओली असतानाच चित्र टिपण्याच्या कामात त्या अनेकदा निष्काळजी असत, आणि तरीही अशा काचांवरून कागदावर काढलेले ठसे (प्रिंट) त्यांनी टाकून दिले नाहीत.

उरला हौसेचा मुद्दा. इंग्लंडच्या वाइट बेटावरील फ्रेशवॉटर येथील घरी कोळशाच्या खोलीत त्यांनी अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. त्या आपल्या चित्रांच्या स्वामित्वहक्काची नोंदणी करीत, लंडनच्या कोलनागी या चित्रविक्रेत्यांमार्फत ठसे विकत, आणि १८६५ सालीच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांची छायाचित्रे विकत घेतली होती. कुटुंबाच्या सिलोनमधील (आजच्या श्रीलंकेतील) कॉफीच्या मळ्यांचे उत्पन्न घटत चालले असताना त्यांना या विक्रीतून पैसा हवाच होता.